मायला सांगितलेला अर्थ

माझे वडील इंग्रजीचे शिक्षक होते. शिरड शहापूरजवळच्या आमच्या गावात सगळे त्यांना सर म्हणायचे. आठवडी बाजारातसुद्धा माणसं त्यांच्यासमोर जरा जपून बोलायची, कारण चुकीचा इंग्रजी शब्द कानावर पडला की ते बोलणाऱ्याला तिथंच अडवायचे. सायकल दुरुस्त करणाऱ्या एकानं 'पंचर' म्हटलं, तर बाबांनी गिऱ्हाइकांसमोर त्याच्याकडून तीन वेळा 'पंक्चर' म्हणवून घेतलं होतं. तो माणूस बाबांच्या वयाचा होता. तिसऱ्या वेळेला त्याचा आवाज फुटत नव्हता, हे मला आठवतं. मी बाबांचं बोट धरून उभी होते.

घरी रोज संध्याकाळी एक शब्द असायचा. पाटीच्या मधोमध तो लिहायचा आणि भोवती त्याचे नातेवाईक: नाम, क्रियापद, विशेषण, उलट अर्थाचा शब्द. बाबा त्याला शब्दाचं खानदान म्हणायचे. खानदानातला एक जण विसरला की एक पट्टी, तीही तळहातावर नाही, मूठ वळवून बोटांच्या हाडांवर. मी हुशार होते, त्यामुळे मला पट्ट्या कमी बसल्या. शिवाय मार चुकवायचा एक सोपा मार्ग मला लवकर सापडला होता. बाबा मायची टिंगल करत असले की आपण मोठ्यानं हसायचं. ते खूश व्हायचे, आणि त्या दिवशीचा शब्द सोपा निघायचा.

माय चौथी शिकलेली. मराठी अक्षर अक्षर लावून वाचायची. बाबांना ती 'तुमी' म्हणायची आणि त्यांच्याबद्दल दुसऱ्यांशी बोलताना 'आमचे सर'.

मी दहा वर्षांची असेन. शाळा तपासायला आलेले साहेब आणि दोन शिक्षक जेवायच्या आधी आमच्या ओसरीवर बसले होते. माय चहा घेऊन आली. उंबरठ्यावर तिचा पाय अडखळला आणि निम्मा चहा बशांत सांडला. बाबा रागावले नाहीत. पाहुण्यांकडे बघून हसले आणि इंग्रजीत म्हणाले, माझी बायको फार केअरलेस आहे. सगळे हसले. बाबा हसतायत हे बघून मायही हसली.

पाहुणे गेल्यावर तिनं विचारलं, "मघा काय म्हणालात हो मला?"

"तुझी तारीफ केली," बाबा म्हणाले.

केअर म्हणजे काळजी, हे माझं पाठांतर ऐकून ऐकून मायला माहीत होतं. लेस म्हणजे कमी किंवा नसलेलं, हेही ठाऊक होतं. दोन्ही जोडून तिनं स्वतःच अर्थ लावला, आणि दुसऱ्या दिवशी हातपंपावर बायकांना सांगितला. "आमचे सर मला केअरलेस म्हणतात. जिच्या जिवाला काळजी न्हाई अशी."

"खरंच न्हाई का गं काळजी?" एकीनं विचारलं.

"सर असताना मला कशाची आली काळजी?"

मी घागरीजवळ उभी होते. मला खरा अर्थ माहीत होता. पाटीवर तो चार वेळा लिहिलेला होता. मी धावत घरी गेले आणि हातपंपावरचं सगळं बाबांना जसंच्या तसं सांगितलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसले. मग शाळेत सांगितलं. त्यानंतर घरी कुणी शिकलेला माणूस आला की बाबा तिला बाहेर बोलवायचे आणि म्हणायचे, "सांग बरं यांना, तू कशी आहेस?" माय पदर सारखा करून म्हणायची, "केअरलेस." आलेला माणूस एकदा बाबांकडे बघायचा, एकदा तिच्याकडे, आणि मग हसायचा किंवा चहाच्या कपात बघायचा. तिच्या भावासमोरसुद्धा हा खेळ झाला. मामा बारावी झालेला. त्याला अर्थ कळला असणार, पण तो बशीतला चहा फुंकत राहिला. हे वर्षानुवर्षं चाललं.

मी नर्सिंग केलं, नांदेडला राहून. परत आल्यावर हिंगोलीतल्या एका खासगी दवाखान्यात लागले. बाबा निवृत्त झाले आणि आम्ही तिघं हिंगोलीत दोन खोल्यांच्या घरात राहायला आलो. वर्षाच्या आत एका सकाळी दाढी करता करता बाबांच्या हातातून वस्तरा पडला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, "समजतंय त्यांना सगळं. शब्द सापडत नाहीत." तोंडात एवढंच उरलं: दे, दे, दे. पाणी हवं असलं तरी दे, उशी सरकली तरी दे, नको असलं तरी दे.

सुरुवातीचे पाच-सहा महिने मायनं त्यांचं जे केलं ते मी नर्स असून माझ्याच्यानं झालं नसतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, हे मी तिला एकदाच दाखवलं होतं. तिला घड्याळ नीट कळायचं नाही, म्हणून ती समोरच्या शाळेच्या घंटेवर हिशेब ठेवायची. मऊ खिचडी चमच्यानं भरवायची, तोंड पुसायची, पाठीला पावडर लावायची. त्यांच्याशी बोलायचीही. आज भाजीला काय आणलं, शेजारच्या घरी कोण आलं. बाबा छताकडे बघत पडून असायचे.

त्याच सुमारास जर्मनीत नर्स लागतात, भाषेची परीक्षा पास झालं की जाता येतं, ही बातमी आमच्या दवाखान्यात फिरली. हळदीच्या एका आडतीवर माडी होती, तिथं एक मॅडम शिकवायच्या. त्या काही वर्षं तिकडं राहून आलेल्या. मी नाव घातलं. नोकरी आणि क्लास दोन्ही जमेना, तेव्हा नोकरी सोडली. घरी सांगितलं की बाबांना बघायला सोडली. खालून हळद वर यायची, वह्यांची पानं पिवळट पडायची, आणि आम्ही अकरा जणी सकाळी नऊ ते एक शिंकत शिंकत जर्मन शिकायचो.

मॅडम स्वभावानं गरीब. पण त्यांची शिकवायची रीत बघून पहिल्याच दिवशी माझी बोटं आखडली. एक इंग्रजी शब्द घ्यायचा, त्याचे सगळे नातेवाईक फळ्यावर मांडायचे, आणि प्रत्येकाला जर्मनमध्ये काय म्हणतात ते बघायचं. "आपल्याला इंग्रजी थोडं येतं ना, मग त्याचा दोर धरून विहिरीत उतरायचं," त्या म्हणायच्या.

एके दिवशी शब्द आला केअर. मॅडम म्हणाल्या, "हा नीट शिका. तुमची भाकरी याच्यावर आहे."

मला वाटत होतं, केअरला एक शब्द असेल. निघाले कितीतरी. आजारी माणसाची सेवा ती फ्लेगे. मनाला लागून राहते ती चिंता झोर्गे. कुणाचं तरी बघायचं, त्याचं हवं-नको करायचं, त्याला क्यूमर्न, आणि मॅडम म्हणाल्या, त्याच्याच खानदानातल्या कुमरचा अर्थ दुःख. काम जीव लावून, बारकाईनं करायचं ते झोर्गफाल्ट. जपून चालायचं, धोक्याच्या पाटीवर असतं ते फोअरझिश्ट. मला काय त्याचं, असं म्हणायचं तर एगाल. आणि केअरटेकर म्हटलं तर तिकडं बिल्डिंगचे नळ-दिवे बघणारा माणूस येईल, हाउसमाइस्टर, म्हणून तो शब्द तिथं जपून वापरायचा. मुली हसल्या. मी लिहीत होते.

मग मॅडमनी फळ्यावर दोन शब्द शेजारी शेजारी लिहिले. केअरफ्री आणि केअरलेस. "हे दोन जुळ्यांसारखे दिसतात, आणि इथंच सगळे फसतात," त्या म्हणाल्या. "केअरफ्री म्हणजे झोर्गलोस. ज्याला चिंता नाही, सुखात आहे. केअरलेस म्हणजे नाखलेसिश. काम बिघडवणारा. हा शब्द तुमच्या कागदावर कुणी लिहिला, तर नोकरी गेली समजा."

मी दोन्ही उतरवून घेतले. मायनं लावलेला अर्थ चुकीचा नव्हता, तो शेजारच्या शब्दाचा होता, हे मला त्या दिवशी कळलं. तिथं मी थांबायला हवं होतं.

घरी आले तेव्हा दीड वाजला असेल. माय बाबांना भरवत होती. मी पिशवी ठेवली, हात धुतले आणि कॉटच्या पायथ्याशी बसले. हे मी मायसाठी केलं नाही, हे आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. तिला सत्य कळावं वगैरे माझ्या मनात नव्हतं. बाबा समोर पडलेले होते, त्यांना ऐकू येत होतं, समजत होतं आणि बोलता येत नव्हतं. मला त्यांचा चेहरा बघायचा होता.

"माय, केअरलेस म्हणजे काय, माहितेय तुला?"

"व्हय की. काळजी नसलेली."

"त्याला इंग्रजीत केअरफ्री म्हणतात. केअरलेस वेगळं."

"येगळं म्हंजे?"

"निष्काळजी. जिला भान नाही, जिच्या हातात काही देऊ नये अशी. तुझ्या हातून चहा सांडला होता, आठवतं? तेव्हा म्हणाले होते."

तिचा चमचा मध्येच थांबला. बाबांचं तोंड उघडंच होतं, घास येणार म्हणून. त्यांची नजर माझ्यावर आली आणि माझ्यावरून कपाटाकडे गेली.

"तुला कवापासून माहीत हाय?" मायनं विचारलं.

"पहिल्यापासून."

"आन् तू हसायचीस."

"हो."

"माझा भाऊ बसला व्हता तवा बी?"

"तेव्हाही."

ती बाबांकडे वळली. आवाज चढवला नाही. "सर, बराबर सांगून राहिली का ही? बोलू नका. व्हय असंल तर निस्ती मान हालवा."

"दे," बाबा म्हणाले. "दे दे दे."

"काय देऊ?"

त्यांनी डोळे मिटले. मायनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि अर्धी खिचडी असलेलं वाटगं फळीवर ठेवून दिलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिनं ते खाली काढलं नाही. मीही काढलं नाही.

चार-पाच दिवस घरात काहीच झालं नाही. मग मला दिसायला लागलं. पाण्याचा पेला बाबांच्या डाव्या हाताशी असायचा. डावा हात चालत होता, तेवढं त्यांचं ते घ्यायचे. तो पेला उजव्या बाजूला गेला. मेलेल्या हाताच्या बोटांना टेकलेला, पाण्यानं काठोकाठ भरलेला. माय समोर बसून मेथी निवडायची आणि बघायची. "हाय की पाणी," ती म्हणायची. "तुमच्याच हाताशी हाय."

एका दुपारी कपडे बदलताना त्यांच्या डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला निळे डाग दिसले. दोन बोटांत कातडी धरून पिळली की असे डाग पडतात. दवाखान्यात मी ते म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर पाहिलेले होते, आणि कुणी केलं हे घरच्यांना विचारणारी मीच असायचे.

"माय, हे काय गं?"

"डास चावले असतील."

मी बाही खाली ओढली.

त्या आठवड्यात क्लासमध्ये नाखलेसिशच्याच खानदानातला एक लांबलचक शब्द निघाला, फेअरनाखलेसिगुंग. हेळसांड. ज्याचं करायला हवं त्याचं न करणं. मॅडम म्हणाल्या, तिकडच्या कायद्यात हा गुन्हा आहे. मी लाल पेनानं त्याच्याखाली रेघ मारली, परीक्षेत येण्यासारखा शब्द म्हणून.

माझं वागणं मायपेक्षा वाईट होतं, कारण ते मी अभ्यासाच्या नावाखाली करत होते. तोंडी परीक्षेत आपण काय करतोय ते रुग्णाला जर्मनमध्ये समजावून सांगावं लागतं. घरात रुग्ण होता. मी रोज दुपारी बाबांच्या कॉटशी उभी राहून बोलायचे. आता मी तुम्हाला कुशीवर वळवते. आता मी तुमची पाठ धुते. दुखतंय का? बाबांना यातलं अक्षर कळत नव्हतं. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना अर्थ विचारला, त्याच्यासमोर मी एक भाषा बोलत होते जिचा अर्थ त्याला लागत नव्हता. ते कपाळाला आठ्या घालून माझ्या ओठांकडे बघायचे. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं, हे मला दिसायचं.

मग मी विचारायला लागले. पट्टी घेऊन कॉटच्या लोखंडी दांड्यावर वाजवायची आणि त्यांच्याच सुरात म्हणायचं, "मीनिंग? स्टँड अप. मीनिंग सांग." पाणी वर धरून विचारायचं, "हे काय आहे? इंग्रजीत सांगा. बरं, मराठीत सांगा."

"दे."

"दे म्हणजे काय? कर्ता कुठाय? क्रियापद कुठाय?"

स्वयंपाकघरातून मायचा हसण्याचा आवाज यायचा. तिला इतकं मोकळं हसताना मी आधी ऐकलेलं नव्हतं. जेवताना ती मला पुन्हा करून दाखवायला सांगायची आणि आम्ही दोघी ताटावर वाकून हसायचो. त्या दोन महिन्यांत माझं आणि मायचं जेवढं जमलं, तेवढं आयुष्यात कधी जमलं नव्हतं. ती माझ्या केसांना तेल लावायची. मला जर्मन शब्द विचारायची. एगाल हा शब्द तिला फार आवडला होता.

एकदा बाबा रडले. आवाज न करता, डाव्या डोळ्यातून जास्त. लकव्याच्या रुग्णाला कारण नसताना रडू येतं, त्यावर घरच्यांनी घाबरून जाऊ नये, असं आम्हाला शिकवलेलं होतं. मी मनातल्या मनात ते वाक्य म्हटलं आणि पुढचा धडा उघडला.

परीक्षा पुण्याला होती. जाऊन-येऊन चार दिवस. तोवर बाबांच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल चट्टा पडला होता. आमच्या दवाखान्यात आया म्हणून काम करणारी एक मावशी होती, हिंगोलीजवळच्या तांड्यावर राहायची. मी नोकरी सोडल्यावरही येता-जाता डोकवायची. घरात शिरताच आधी कॉटकडे जाऊन "राम राम, सर" म्हणायची आणि उत्तराची वाट बघायची. बाबा डावा हात जरासा उचलायचे. मग ती आमच्याकडे वळायची.

मी निघायच्या आदल्या दिवशी ती आली. बाबांना वळवायला तिनं मला हातभार लावला आणि पाठीकडे बघून थांबली.

"लाल झालंय, सिस्टर."

"हो. बघितलंय मी."

"तुमी चार रोज न्हाईत. मी सकाळ-संध्याकाळ येऊन फिरवून जाते की त्यांना. मला डूटीच्या वाटेवरच हाय."

माय दारात उभी होती. "मी हाय ना घरी," ती म्हणाली. "काहून तकलीफ घेता?"

मावशीनं माझ्याकडे बघितलं. निर्णय मी करायचा होता. मी नर्स होते. दाबलेल्या जागेचं चार दिवसांत काय होतं, हे मी याच महिन्यात दोन भाषांत पाठ केलं होतं. आणि मायच्या भरवशावर बाबांना ठेवलं तर काय होईल, तेही मला माहीत होतं.

"नको मावशी," मी म्हणाले. "माय करील."

 मावशी बाबांच्या पायावरचं पांघरूण सारखं करून गेली.

तोंडी परीक्षेत मला आलेला विषय होता: अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला जखमा होऊ नयेत म्हणून काय कराल? मी इतकी छान बोलले की समोरच्या बाई मध्येच लिहायचं थांबवून ऐकत राहिल्या. किती वेळानं कूस बदलायची, टाचेखाली काय ठेवायचं, कातडीचा रंग कसा बघायचा. झोर्गफाल्ट हा शब्द मी तीनदा वापरला, तिन्ही वेळा बरोबर.

परतताना नांदेडपर्यंत रेल्वेनं आले आणि तिथून हिंगोलीची एसटी धरली. दुपारी वारंगा फाट्यावर गाडी थांबली. मी उतरून चहा घेतला आणि मायला फोन लावला.

"पेपर कसा गेला?"

"चांगला गेला. बाबा कसे आहेत?"

"हायेत."

"कूस बदलतेस ना?"

समोरून ट्रक गेला, त्यात तिचं बोलणं ऐकू आलं नाही. पुन्हा विचारता आलं असतं. मी म्हणाले, येते तासाभरात, आणि फोन ठेवला. चहा संपवला. कंडक्टर हाका मारत होता, तरी मी दुकानातून वेफर्सचा पुडा घेतला, मायला आवडतात म्हणून.

दार उघडताच वास आला. नर्सला त्या वासाचं नाव सांगावं लागत नाही. बाबा उताणे होते. मी गेले तेव्हा ज्या चादरीवर होते त्याच चादरीवर. मी त्यांना वळवलं. चट्ट्याच्या जागी माझी मूठ बसेल एवढी जखम झाली होती, कडा काळ्या पडलेल्या, आत पिवळं. अंग तापलेलं. माय भिंतीला टेकून बसली होती.

"मी येकदा बी न्हाई वळवलं," ती म्हणाली. "मुद्दाम न्हाई वळवलं. निष्काळजी म्हणत व्हते ना."

  मी टाकलेला वेफर्सचा पुडा कॉटवर बाबांच्या पायाशी पडला होता.

त्यांना मी माझ्याच जुन्या दवाखान्यात नेलं. जखम साफ करायला एक नवी सिस्टर होती, माझ्याहून लहान. तिनं काळी कातडी कापली, आत औषधाची पट्टी भरली, आणि वर न बघता विचारलं, "घरी कोण बघतं यांना?"

"मी."

"तुम्ही काय करता?"

मला नर्स म्हणवेना. "घरीच असते," मी म्हणाले. ड्रेसिंगचा ट्रे धरून शेजारी मावशी उभी होती. ती मला ओळखत नसल्यासारखी ट्रेकडे बघत राहिली.

बाबा बारा दिवस जगले. त्या बारा दिवसांत त्यांनी मायच्या हातून पाणी घेतलं नाही आणि माझ्या हातूनही नाही. चमचा जवळ नेला की ओठ घट्ट मिटायचे, मान भिंतीकडे वळवायचे. शेजारच्या खाटांवरची माणसं बघायची. एक बाई म्हणाली, "लेकीच्या हातचं बी न्हाई पेत का?" मग मावशी यायची, "राम राम, सर" म्हणायची, आणि ते तिच्या हातून पेलाभर पाणी पिऊन घ्यायचे. मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहून ते बघायचे. शेवटच्या दोन दिवसांत ताप उतरलाच नाही. विष रक्तात गेलं होतं. ते गेले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, आणि माय खाली चहा प्यायला गेली होती.

गावाकडं मातीला बरीच माणसं आली. बाबांचे विद्यार्थी आले, काही गाड्या घेऊन आले. एकानं भाषण केलं की सरांनी आम्हाला शब्दांवर प्रेम करायला शिकवलं. सायकलवाला आला नव्हता. तिथं आलेल्या बायका मायला म्हणत होत्या, किती केलंस गं बाई नवऱ्याचं. माय मान खाली घालून बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि बायकांनी त्याचाही अर्थ चांगलाच लावला.

परीक्षेचा निकाल पंधरा दिवसांनी आला. मी पास झाले होते. नंतर व्हिडिओ कॉलवर मुलाखत झाली. पलीकडे एका वृद्धाश्रमाच्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, नोकरीत हे आठ महिन्यांचं रिकामं अंतर कशाचं? मी जर्मनमध्ये सांगितलं की वडिलांना लकवा झाला होता, त्यांची सेवा करायला मी नोकरी सोडली, आणि ते अलीकडेच वारले. बाईंचा चेहरा मऊ झाला. त्या म्हणाल्या, वाईट वाटलं, आणि आम्हाला अशीच माणसं हवी आहेत. फक्त हे घरच्या कुणाच्या तरी सहीनं कागदावर लिहून पाठवा.

कागद मीच लिहिला. जर्मन आणि खाली मराठी. मायपुढे ठेवला.

"काय लिहिलंस?"

मी वाचून दाखवलं. माझ्या मुलीनं तिच्या वडिलांची आठ महिने काळजीपूर्वक सेवा केली.

तिनं कागद जवळ ओढला आणि मराठी ओळ अक्षर अक्षर लावून स्वतः वाचली. बराच वेळ लागला. मग म्हणाली, "आन् माझं न्हाई लिहिलंस?"

"तुझं लागत नाही त्यांना."

तिनं सही केली. तिच्या सहीत फक्त पहिलं नाव येतं, बाबांचं नाव लिहायला तिला जमत नाही. सही करून झाल्यावर पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाली, मी भावाकडं राहीन, तू जा.

व्हिसा झाला आहे. मागच्या आठवड्यात मी मामाकडे मायचं सामान पोचवून परत आले, तेव्हा हिंगोलीच्या एसटी स्टँडवर मावशी भेटली. मला टाळता आलं असतं तर मी टाळलं असतं, पण तिनंच विचारलं, "जाऊन राहिल्या म्हणे तुमी परदेशी?"

"हो मावशी. पुढच्या महिन्यात."

"तिथं काय काम?"

"म्हाताऱ्या माणसांना बघायचं."

तिनं माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलेल असं वाटलं, आणि मला ते ऐकायचं होतं. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. कळमनुरीची गाडी लागली होती. ती जाऊन खिडकीशी बसली आणि गाडी निघेपर्यंत समोर बघत राहिली.